सरकारी केंद्रात पेशंटचा आजार लाइनीत ओरडून सांगायचा का?

रामबागकर_इंदूर
स्पष्टच लिहितो. सामुदायिक स्वास्थ्य केंद्रात पेशंटची माहिती गुप्त ठेवायचे नियम पाळले जात नाहीत आणि त्याला गर्दीचं कारण मला पटत नाही. आपल्या जिल्ह्यातल्याच एका केंद्रात ओळखीच्या एका बाईंना घेऊन गेलो होतो, थुंकीचा रिपोर्ट यायचा होता, तर खिडकीतून हाक आली, "टीबी वाली पर्ची किसकी है", मागे अख्खी लाइन, त्यात त्यांच्याच गल्लीतले दोघं. आठवड्याच्या आत त्यांची स्वयंपाकाची कामं सुटली. औषधाने बऱ्या होतील त्या, पण गेलेली कामं कोण परत देणार?
कायदे नाहीत असं थोडंच आहे. एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, मानसिक आजारांसाठी त्याच वर्षीचा, त्याच्या कलम २३ मध्ये गुप्ततेचा हक्क सरळ लिहिलाय, गर्भपात करून घेतलेल्या बाईचं नाव फोडलं तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आणि इथे रजिस्टर टेबलावर उघडं, जो तो बोट फिरवून आपलं नाव शोधतो नि शोधताना वरची-खालची दहा नावं वाचून घेतो.

तुकोगंजवाला
राग समजतो दादा, पण जरा जमिनीवर येऊन बघा. मैदानी भागात एका सीएचसीमागे, म्हणजे सामुदायिक स्वास्थ्य केंद्रामागे, १ लाख २० हजार लोकसंख्या धरतात, खाटा ३०. सोमवारी सकाळी डॉक्टरच्या टेबलाला चारी बाजूंनी माणसं चिकटलेली असतात, एकाची नाडी बघतायत तर दुसरा रिपोर्ट पुढे करतो, तिथे प्रत्येकाला वेगळी खोली नि दार बंद करून बोलायचं म्हटलं तर संध्याकाळपर्यंत अर्धी लाइन तशीच राहील. आणि टीबी हा पसरणारा आजार आहे. शेजारच्या घरात तान्हं मूल असेल तर त्यांना कळायला नको? माझं मत पक्कं आहे, लपवाछपवीने रोग वाढतो.

सिस्टर_महू
मी स्टाफ नर्स, महूकडच्या भागात, केंद्राचं नाव घेत नाही. तुकोगंजवाला, शेजाऱ्यांचं जे म्हणालात ते चुकतंय. टीबीची नोंद २०१२ पासून सक्तीची आहे, नाव सरकारच्या निक्षय या टीबी पोर्टलवर जातं, मग आमची माणसं घरी जाऊन सोबत राहणाऱ्यांची तपासणी करतात, लहान मुलांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या सुरू करतात. म्हणजे ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत आम्ही पोचतोच. गल्लीला कळून काय होतं ते सांगते, पेशंट औषध घ्यायला आमच्याकडे यायचाच बंद होतो. सांवेरचा माणूस मग तीसेक किलोमीटर लांब शहरात जातो जिथे त्याला कोणी ओळखत नाही, आणि मजुरी बुडते म्हणून महिन्याभरात तेही सोडतो. अर्धवट सोडलेलं औषध म्हणजे पुढे औषधांना दाद न देणारा टीबी. खरा धोका तो आहे.
पण रामबागकर दादा, सगळं खिडकीवरच्या माणसावर ढकलू नका. वरून रोज आकडे व्हॉट्सॲपवर मागतात, "रजिस्टरचा फोटो टाका", त्या फोटोत हाय रिस्क गरोदर बायकांची नावं, मोबाईल, हिमोग्लोबिन सगळं. ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे आम्हालाही धड माहीत नसतं. नाही टाकला तर नोटीस. एचआयव्ही तपासणीच्या खोलीवर ही मोठी पाटी, त्या बाकावर नुसतं बसलं तरी गावाला कळतं. ती पाटी नर्सने नाही लावलेली.

मालवा_काका
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण घरच्यांचं काय? आपल्याकडे पेशंट एकटा नसतो, सून आजारी पडली तर पथ्य सासू सांभाळते, पैसे नवरा देतो. त्यांना बाहेर बसवून "माहिती देता येणार नाही" म्हणणं हे मला माणुसकीचं वाटत नाही. आणि १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं की रक्तात एचआयव्ही निघालेल्या माणसाची गोष्ट हॉस्पिटलकडून होणाऱ्या बायकोकडे गेली त्यात गुप्ततेचा भंग नाही, कारण तिच्या जिवाचा प्रश्न होता.

रामबागकर_इंदूर
काका, तो निकाल आहेच. पण २०१७ च्या कायद्याने त्याला चौकट घातली. आता डॉक्टरला जोडीदाराला सांगायचं तर आधी पेशंटला समजवायचं, तो स्वतः सांगणार नाही अशी खात्री पटली पाहिजे, मी सांगणार आहे हे त्याला कळवायचं, मग समोर बसवून जोडीदाराला. आणि बाईला मारहाण किंवा घराबाहेर काढायची भीती असेल तर सांगायचं नाही, हेही त्यातच आहे. सासूचं नाव त्यात कुठेच नाही. पथ्य सांभाळणाऱ्या सासूला काय सांगायचं ते सुनेला विचारून सांगा ना, अडवलंय कोणी?

तुकोगंजवाला
निक्षयचा मुद्दा मान्य, मला ते घरी जाऊन तपासणीचं माहीत नव्हतं. पण कायद्याचा बडगा नको. लोकांच्या खासगी डिजिटल माहितीसाठीच्या २०२३ च्या डेटा कायद्यात २५० कोटीपर्यंत दंड आहे म्हणे, उद्या एखाद्या आशा ताईने फोटो टाकला म्हणून तिच्यावर केस करणार का? आधीच हातात काय पडतं त्यांच्या.

रामबागकर_इंदूर
तो दंड माहिती गोळा करणाऱ्या संस्थेवर आहे, आशा ताईवर नाही. आणि कागदी रजिस्टर नुसतं ठेवलं तर त्या कायद्यात येत नाही, पण त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला की ती डिजिटल माहिती झाली. म्हणून म्हणतो, फोटो मागणाऱ्यांना आधी विचारा. आकडे हवेत तर आकडे मागा, नावं कशाला?

मालवा_काका
नावाचं ठीक. कुटुंबाचं मला अजून पटलेलं नाही. अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी एकटी येऊन काही सांगून गेली आणि आई-बापाला पत्ताच नाही, हे आमच्या पिढीला झेपत नाही.

सिस्टर_महू
काका, अशा मुली येतात. आई बाहेर बसलीय एवढ्यावरच त्या गप्प होतात, मग डॉक्टर नुसती पोटदुखीची गोळी देतात आणि खरं कारण तसंच राहतं. मी आता नातेवाइकांना "वजन-बीपी घ्यायचंय, दोन मिनिटं बाहेर थांबा" सांगते, त्या दोन मिनिटांत मुलगी बोलते. त्याला वेगळी खोली लागली नाही, कपाट आडवं सरकवलं.
खर्चाचं म्हणाल तर रोगी कल्याण समितीची, म्हणजे सरकारी दवाखान्याचा निधी सांभाळणाऱ्या समितीची, कल्पना इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्येच नव्वदच्या दशकात सुरू झाली नि मग देशभर गेली. पडदा, पार्टिशन, टोकनचे बिल्ले याला समितीचा पैसा चालतो. तुमच्यापैकी कोणाची तहसीलच्या समितीत ओळख असेल तर पुढच्या बैठकीत एवढं मांडा, आमच्या तोंडून गेलं की नर्स तक्रार करते म्हणतात.

तुकोगंजवाला
देपालपूरच्या समितीत एक जण ओळखीचे आहेत. टोकन आणि पार्टिशनचं बोलतो. व्हॉट्सॲपचं जिल्ह्यावरूनच बंद व्हावं लागेल, ते माझ्या हातात नाही.