आजीच्या ओवीत राम ‘हलक्या दिलाचा’ आहे. ती ओळ गाळू का?

माणदेशी नात

माझी आजी माण तालुक्यातली. शाळेची पायरी चढली नाही, पण पहाटे जात्यावर बसली की दळण सरेपर्यंत ओवी थांबायची नाही. सुट्टीत गेले की मी तिच्या समोर बसायचे, खुंट्याला हात लावायचे आणि मधूनमधून जात्यात बाजरीची वैरण, म्हणजे मूठभर दाणे, घालायचे. त्या वेळी ऐकलेली ही ओवी:

राम म्हनू राम, न्हाई सीतेच्या तोलाचा
हिरकणी सीतामाई, राम हलक्या दिलाचा

पुढच्या महिन्यात आमच्या भागातल्या वाचनालयात ‘आपल्या नायिका’ असा कार्यक्रम आहे. प्रत्येकीने एक नायिका घेऊन दहा मिनिटं बोलायचं. कुणी जिजाबाई घेतल्यात, कुणी सावित्रीबाई. मी सीता घेतली. पोथीतली नाही, जात्यावरची. सराव ऐकून संयोजक म्हणाले, “ओवी छान आहे, पण दुसरी ओळ नको. लोक दुखावतात.” तेव्हापासून मला चैन नाही. ती ओळ गाळली तर आजीच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होईल.

लहानपणी मी तिला विचारलं होतं, “मग राम वाईट का गं?” तिचा हात थांबला नाही. म्हणाली, “वाईट कसा? द्येव हाय त्यो. पर बायकू न्हाई त्येला सांभाळता आली.” रामनवमीला सुंठवडा करणारी, पाळणा म्हणणारी हीच बाई.

ही ओवी फक्त आमच्याच आजीची, की आणखी कुठे ऐकलीय कुणी? आणि ऐकणाऱ्यांना ती कशी समजावून सांगू?

मावळची सून

ताई, ओवी तुमच्या एकट्या आजीची नाही. लोकसाहित्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या लिखाणात ती भेटते. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याहून काम करत गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर गाणारणींच्या आवाजात ऐकता येतात. तिथे सीतेच्या ओव्या काढून बसा, दिवस कसा गेला कळायचं नाही.

आता तुमच्या ओवीबद्दल. ‘हिरकणी’ म्हटलं की आपल्याला रायगडाचा कडा उतरणारी गवळण आठवते. इथे हिरकणी म्हणजे हिऱ्याची कणी. ‘तोलाचा’ हा शब्द सोनाराच्या तराजूतला, आणि ‘हलका’ही त्याच तराजूतला. एका पारड्यात राम, दुसऱ्यात सीता. कणीएवढी सीता, पण तिचं पारडं खाली जातं आणि रामाचं वर उचललं जातं. ‘हलक्या दिलाचा’ ही शिवी नाही, ते वजन आहे. दुसरी ओळ काढलीत तर पारडं अधांतरी राहील. लोकांना हे तराजू दाखवा, म्हणजे त्यांना ओळ टोचणार नाही.

माझ्या सासूबाईंच्या ओव्यांत रामाचे कान कैकेयी फुंकते. ती सीतेला म्हणते, रावण कसा होता काढून दाखव. सीता म्हणते, मी मान वर करून पाहिलंच नाही, पायाचा अंगठा तेवढा दिसला. ती भिंतीवर अंगठा काढते. बाकीचा रावण कैकेयी पुरा करते आणि रामाला बोलावून दाखवते. हे सांगताना सासूबाईंचा आवाज बदलायचा. घरातल्याच बाईने अर्धी गोष्ट पुरी करून नवऱ्याच्या कानावर घालायची, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. वाल्मीकींच्या उत्तरकांडात लोकापवाद आहे. जात्यावर त्याचा सासुरवास झाला.

रामरक्षा

मी रोज रामरक्षा म्हणतो, आणि खरं सांगतो, ओवी वाचून आधी मनाला लागलं. मग दोनदा वाचली.

एक विनंती आहे, ताई. ही एकच ओवी म्हणून खाली बसू नका. ज्या बायका रामाला हलका म्हणाल्या, त्यांनीच रामजन्माच्या ओव्या गायल्या. आपले दोन मुलगे त्यांना राम-लक्ष्मणाची जोडी वाटली. माझी आई मामाला यायला उशीर झाला की ओवीत त्याला रामच म्हणायची. भाऊ आणि मुलगा म्हणून राम त्यांना हवाच होता, नवरा म्हणून त्यांनी त्याला जाब विचारला. ज्याच्यावर इतकी माया, त्याच्यावर रागवायचा हक्कही त्यांचाच. आधी रामजन्माची एक ओवी म्हणा, मग ही म्हणा. माझ्यासारखा माणूस समोर बसला असेल तर तो उठून जाणार नाही.

राळेगावकर

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात रावेरी म्हणून गाव आहे. तिथे एकट्या सीतेचं देऊळ आहे. शेजारी राम नाही.

जुनी माणसं सांगतात ते असं. वनवासात टाकलेली सीता इथे बाळंत झाली. गावात गव्हासाठी पदर पसरला, कुणी मूठभर दिला नाही. तेव्हा ती म्हणाली, तुमच्या गावात गहू पिकणार नाही. आणि म्हणे पुढे कितीतरी पिढ्या इथे गहू पेरला गेला नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी या देवळाचा जीर्णोद्धार मनावर घेतला. बायकोच्या नावावर जमीन करा, ही ‘लक्ष्मीमुक्ती’ची गोष्ट शेतकऱ्यांना पटवताना ते सीतेचं नाव घ्यायचे. बाळंतिणीला मूठभर गहू मिळाला नाही, हे सांगितलं की सभेतल्या माणसाला दुसरं काही समजावावं लागत नसे, असं माझे वडील सांगायचे.

माणदेशी नात

सगळ्यांचे मनापासून आभार. मावळच्या ताई, तराजू माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. काका, तुमचं ऐकणार आहे, सुरुवात रामजन्मानेच करते. आणि दुसरी ओळ म्हणणार आहे. संयोजकांना काल तसं सांगितलं.

बोलायला आणखी एक ओवी घेतलीय:

येवढ्या वनामंदी कोण रडतं आईका
सीतेला समजावया बोरी बाभळी बायका

आमच्याकडे वन म्हणजे हेच. साल-सागवानाचं अरण्य आजीने बघितलं नव्हतं, सरपणाला जायची ती बोरी-बाभळीतच. पायात काटे मोडायचे तेही त्यांचेच. आणि सीतेच्या रडण्याला माणसांतलं कुणी आलं नाही, तेव्हा त्याच काटेरी झाडांना तिने बायका करून सीतेभोवती बसवलं. ही ओवी म्हणताना ती वैरण घालायची विसरायची आणि रिकामं जातं खरखर वाजायचं. तो आवाज अजून कानात आहे.

अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायचीच आहे. आईने 1994 साली आजीच्या ओव्या दोनशे पानी वहीत उतरवून घेतल्या होत्या. परवा ती वही मागवली. ‘हिरकणी सीतामाई, राम’ इथपर्यंत लिहिलंय, पुढे एका शब्दाची जागा कोरी, मग ‘दिलाचा’. फोनवर विचारलं, “आई, हे असं का?” बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या हाती वही लागायची, म्हणून सोडला होता.”

रविवारी आली तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली. चष्मा लावला, पेन मागितलं आणि त्या जागेत ‘हलक्या’ लिहिलं. शाई वेगळी दिसते.