डोमकळी हा शब्द आहे की नाही?

गंगाथडी
मंडळी, एक अडचण आलीय. एका दिवाळी अंकाला गोष्ट पाठवली, विषय त्यांनीच दिलता, एखादी चिमुकली देखणी वस्तू अख्खा मुलूख कसा उध्वस्त करू शकेल याची कल्पना करा. बाकीचे लोक मंतरलेला मोती, विषारी अत्तर असलं काहीतरी लिहिणार हे दिसतच होतं. मी परभणीकडचा, मला दुसरं काय सुचणार, मी कपाशीतली डोमकळी, म्हणजे अळी शिरल्यामुळं न उमलता मिटूनच राहिलेली कळी, घेतली. गोष्टीतली पोरगी सकाळी रानात जाते, सगळी फुलं उमललेली आणि एकच मिटलेली, पाकळ्या एकावर एक गुंडाळलेल्या, तिला ती लई आवडते, केसात माळून गावात येते आणि तिथून पुढं सगळं. आता संपादकांचा पुण्याहून फोन, म्हणे डोमकळी असा शब्द नाही, आम्ही गुलाबकळी करतोय. मी म्हणलं कपाशीला गुलाबाची कळी कुठून येईल हो. तर म्हणे वाचकाला कळलं पाहिजे. आता सांगा, तुमच्याकडं हा शब्द आहे का, यातला डोम म्हणजे काय, आणि टीप न देता वाचकाला कळेल का?

सरकीपेंड
शब्द नाही म्हणजे? हितं मानवत सेलू पाथरी कुठंबी या अन विचारा, शाळंतलं पोरगंबी दाखवून देईल डोमकळी कोणती ते. कृषी सहायक आले तरी तेच म्हणतेत, डोमकळ्या तोडा अन अळीसकट नष्ट करा. विद्यापीठाच्या घडीपत्रिकेत छापलेलंय. संपादकाला एकदा पाठवा इकडं, दोन वळी चालला की शब्द बी कळंल अन अळी बी.

पेठेतला पाहुणा
प्रथम एक दुरुस्ती. उध्वस्त नव्हे, उद्ध्वस्त. उद् आणि ध्वस्त. दिवाळी अंकात तरी नीट जाऊ द्या. मूळ प्रश्नाबद्दल, शब्द एखाद्या जिल्ह्यात चालतो म्हणून तो ललित लेखनात जसाच्या तसा चालावा हे मला पटत नाही. गुलाबकळी म्हटलं की चित्र डोळ्यांपुढं येतं. डोमकळी म्हटलं तर मला कोंब आठवला, खरं सांगतो.

सरकीपेंड
पाहुणे, उध्वस्त झालेल्याला एक द कमी पडला तरी समजतंय.

मीठभाकर
😂 पण गंगाथडी दादा, मला एक शंका. मी नांदेडची, माहेरी कापूस होता, लहानपणी सुट्टीत वेचायला जायचो आम्ही बहिणी. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, ते तर चांगलंच फूल. शहरातल्या माणसाला वाटंल तेच रोगट. तुमच्या गोष्टीत गुलाबकळी छापलं तर लोक ते दुसऱ्या दिवशीचं फूल धरून बसतील, म्हणजे निर्दोष फुलावर आळ. या एका कारणासाठी तरी मी डोमकळीच्या बाजूनं.

बालाघाट
ताईंचा मुद्दा बरोबर. मी कृषी पदवीधर, गाव बीड जिल्ह्यात. डोमकळी होते कशी ते सांगतो म्हणजे पुढची भांडणं नीट करता येतील. गुलाबी बोंडअळीची बारीक अळी कळीत शिरते, आतले परागकण वगैरे खाते आणि तोंडातून धागा काढून पाकळ्या आतूनच एकमेकींना शिवून टाकते. मग फुलायची वेळ झाली तरी पाकळ्या सुटत नाहीत, गुलाबाच्या अर्धवट कळीसारखा आकार राहतो. बाहेरून बघितलं तर खरंच देखणी दिसते, खोटं कशाला बोलू. तुम्ही हातात घेऊन पाकळ्या सोडवायला लागलात की बारीक जाळं ताणलं जातं आणि तळाशी ती असते, त्या वयात गुलाबीसुद्धा नसते, पांढुरकी, डोकं तेवढं काळं तपकिरी. गुलाबी रंग नंतर मोठी झाल्यावर येतो, तेव्हाही जेमतेम अर्धा इंच.

खुलताबादी
डोम वर येऊ. माझा अंदाज असा की हा डोमकावळ्यातला डोम आहे. नेहमीचा कावळा वेगळा आणि डोमकावळा वेगळा, काळाकुट्ट, थोराड, अशुभ मानलेला. तशीच नेहमीची कळी वेगळी आणि डोमकळी म्हणजे अशुभ कळी. मसणवट्याशी संबंध असलेला डोम हा शब्द उत्तरेत आहेच.

मीठभाकर
तो डोम म्हणजे माणसांच्या समाजाचं नाव आहे, काशीच्या घाटावर चिता रचणारे. त्यांचं नाव किडक्या कळीला दिलं असं म्हणायच्या आधी जरा विचार करा की. मला नाही पटत.

खुलताबादी
मी दिलं नाही ताई, भाषेनं दिलं असेल तर असेल. मी फक्त अंदाज सांगितला.

गंगाथडी
मला तर कायम आगडोंब आठवतो. आगीचा डोंब उसळला म्हणतो ना आपण. गोष्टीच्या शेवटी गाव पेटतं असंच लिहिलंय म्हणून मला तो धागा लई आवडला होता, संपादकांनी नेमका तोच तोडला.

पेठेतला पाहुणा
डोंबातला अनुस्वार कुठे गेला मग? व्युत्पत्ती अशी नादावर लावायची नसते. नादावरच लावायची तर इंग्रजी डोम घ्या, घुमट. मिटलेली कळी घुमटासारखी दिसते. आहे की नाही तयार उत्तर?

सरकीपेंड
आता आमचा आजा गोल घुमटला इंग्रजीत डोम म्हणून आला अन रानात येऊन कळीला नाव ठेवलं. वा.

बालाघाट
घुमट नको पाहुणे. आणि आज्याचं म्हणाल तर काका, अळी जुनीच आहे. १८४३ साली तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते गुजरातेतल्या भडोचच्या कपाशीतल्या नमुन्यावरून. म्हणजे नाव जुनं असायला हरकत नाही. पण माझा खरा आक्षेप दुसऱ्याच शब्दावर आहे. मी वर गुलाबी बोंडअळी लिहिलं ते सवयीनं. आमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकात शेंदरी बोंडअळी होतं. तीन बहिणी असायच्या, हिरवी, ठिपक्यांची आणि शेंदरी. २०१७ ला पेपरात आणि टीव्हीवर सगळीकडं गुलाबी गुलाबी झालं आणि शेंदरी मागं पडली.

पेठेतला पाहुणा
बघा! पिंकचं सरळ भाषांतर. शेंदरी हा किती मराठमोळा शब्द होता, तो सोडून गुलाबी कशाला.

खुलताबादी
गुलाबी फारसी आणि शेंदरी संस्कृत सिंदूरवरून. मराठमोळं यात कोणतं ते मला पण सांगा.

मीठभाकर
आणि रंगाचं काय? शेंदूर म्हणजे मारुतीला फासतात तो, भडक केशरी. ती अळी काय केशरी असते का. मी कित्येक बोंडं फोडून बघितलीत, गुलाबीच असते, बारीक पट्टे पट्टे. आमची मावशी तर म्हणायची बाळाच्या झबल्याचा रंग. गुलाबी शब्द बाहेरून आला असेल पण डोळ्यानं तर तेच दिसतंय.

सरकीपेंड
आमच्याकडं गुलाबी थंडी अन गुलाबी अळी एकदमच येती. एक शहरवाल्यांना, एक आम्हाला.

गंगाथडी
काका हे वाक्य मी चोरणार, आत्ताच सांगून ठेवतो.

पण जरा माझ्या गोष्टीकडं या की. संपादकांचा दुसरा आक्षेप असा की एका कळीतून एवढा विनाश पटत नाही, म्हणे कल्पनेला थोडा पाया द्या. मी पोरीच्या केसातून अळी घरात, घरातून कणगीत, कणगीतून गावभर अशी नेली होती.

बालाघाट
कल्पना कशाला करता दादा, जे घडलं तेच लिहा. बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळी मारणारं जनुक घातलेल्या कपाशीला, परवानगी २००२ ला, दोन जनुकांची २००६ ला. सुरुवातीला अळी औषधालासुद्धा सापडत नव्हती. पाकिटात ४५० ग्रॅम बीटी आणि सोबत १२० ग्रॅम नॉन बीटीची छोटी पुडी यायची, ती चौफेर लावायची होती, कशाला, तर तिच्यावर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांचे पतंग बीटीवर तगलेल्या पतंगांशी जुळावेत आणि तगायची ताकद पातळ होत राहावी. ती पुडी किती जणांनी लावली ते आपल्याला माहितीये. बांधावर फेकली. वरून फरदड. पाणी आहे म्हणून मार्च एप्रिलपर्यंत कपाशी उभी ठेवायची, आणखी दोन वेचण्या. या अळीला कपाशी सोडून खायला फारसं काही नसतं, शेत रिकामं झालं असतं तर तिची साखळी तुटली असती, आपण तिला वर्षभर ताट वाढून ठेवलं. एक मादी शंभर दीडशे अंडी घालते आणि साधारण महिन्याला एक पिढी, आता एका कळीतून किती ते तुम्हीच गुणून घ्या. आणि २०१७.

सरकीपेंड
२०१७ चं नाव काढू नगा. माझ्या डोळ्यासमोर आहे. झाड कसं बोंडानं लगडलेलं, बाहेरून एक डाग नाही, लोक बांधावर उभं राहून म्हणायलेत औंदा आप्पा गाडी घेतोय. ती बारीक असतानाच आत जाती अन मागचं भोक बुजून जातं, मग कळणार कसं हो. बोंड फुटलं तेव्हा आत सगळी कवडी, पिवळा चिकट कापूस, बोटानं निघंना, सरकी पोखरलेली. वेचणीचे पैसे कापसाच्या वर जायले. शेवटी ट्रॅक्टर घालून उभं पीक मोडलं. अन तुम्ही म्हणायलाव पुडी फेकली म्हणून झालं, चूक आमचीच का मग? दुकानात कुणी सांगितलं का पुडी कशाची? पाकिटावर लिहिलेलं वाचायला भिंग पाहिजे. बियाण्याची तक्रार करायचे जी फॉर्म भरायच्या रांगेत दिवस गेले ते वायलंच.

बालाघाट
काका चूक तुमचीच असं नाही म्हणलो मी. फरदड माझ्या वडलांनी पण घेतली. पण अळीनं एकटीनं केलं असंही नाही ना.

पेठेतला पाहुणा
हे वाचून एक मान्य करतो, गुलाबकळी हा शब्द इथे फार गोड पडेल. पण रेफ्युज म्हणजे ती पुडीतली नॉन बीटीची झाडं, ल्युर म्हणजे पतंगांच्या सापळ्यातली वासाची गोळी, हे सगळं गोष्टीत येणार असेल तर त्याला मराठी शब्द द्या. आश्रय ओळी म्हणा, आमिष म्हणा.

सरकीपेंड
दुकानात जाऊन आमिष द्या म्हणलं तर गळ अन गांडूळ देतील.

मीठभाकर
मराठी शब्दाचं सांगू का, कामगंध सापळे! शेतीशाळेत सरांनी फळ्यावर लिहिलं तर पुढच्या रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायल्यात, सर बिचारे लाल. मादीचा वास त्या रबराच्या गोळीला, नर येऊन पिशवीत अडकणार, एवढंच. सलग तीन रात्री आठ आठ पतंग सापडले की समजायचं फवारायची वेळ झाली. एक जण उठून म्हणाली सर, अडकले ते नर, अंडी घालणारी तर बाहेरच की. सरांनी सांगितलं ते मोजायला लावायचं, मारायला नाही. तेव्हापासून आमच्या गावात त्याला नवरोबाची पिशवी म्हणतेत. हा शब्द घ्या शुद्ध मराठी.

खुलताबादी
वा. आता एक निरीक्षण. विनाशाला आपले लोक किती देखणी नावं देतात बघा. बाजरीवर पडतो तो केवडा. गव्हावर तांबेरा. कपाशीच्या पानावर पांढरी बुरशी येते तो दह्या. मूग सोयाबीन पिवळं पडतं तो हळद्या. ज्वारीवर काजळी. सगळं स्वयंपाकघर आणि शृंगार. गंगाथडी, तुमच्या संपादकांना ही यादी पाठवा, म्हणावं सौंदर्य आणि नाश एका नावात आधीच आहे, तुम्ही गुलाब घालायची गरज नाही.

मीठभाकर
मावा राहिला. लहानपणी मला वाटायचं मावा पडला म्हणजे पेढ्याचा मावा.

बालाघाट
आणि आमच्या नदीतली जलपर्णी? फिकट जांभळी फुलं, मोराच्या पिसावर असतो तसा डोळा पाकळीवर. फोटोला लोक गर्दी करतात. खालून पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात.

पेठेतला पाहुणा
केवड्याचं कळलं नाही. रोगाला केवडा का? वास येतो का?

सरकीपेंड
वास कसला. पान पिवळं पांढरं पडतं केवड्याच्या पातीसारखं. कणसाच्या जागी नुस्ता हिरवा पाला फुटतो कधी कधी, त्याला गोसावी बी म्हणतेत, जटा वाढल्यासारखं दिसतं म्हणून.

गंगाथडी
गोसावी भारी आहे. पण मंडळी, डोम राहिलं बाजूला. मला उद्या प्रूफ परत पाठवायचंय.

खुलताबादी
डोमकावळा. मी ठाम आहे.

मीठभाकर
मी नाही.

बालाघाट
दादा, टीप देऊ नका, फक्त पोरीकडून एक पाकळी सोडवून घ्या, धागा ताणलेला दाखवा, वाचकाला कळतंय. आणि कणगीत नेऊ नका तिला, तिथं कणगीत ज्वारी असणार, ज्वारीचं ती काही करत नाही. सरकीत न्या. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधी झोपून राहते ही अळी, जिनिंगमधून थेट पुढच्या हंगामापर्यंत जाते. नाहीतर पऱ्हाट्यांच्या गंजीत ठेवा, वाळल्या बोंडात राहील. बांधावरच्या गंजीवरून तर दरवर्षी बोंब होते.

सरकीपेंड
पऱ्हाट्या नाही, पळाट्या.

बालाघाट
काका आमच्याकडं पऱ्हाट्याच म्हणतात.

पेठेतला पाहुणा
विदर्भात तर उभ्या पिकालाच पऱ्हाटी म्हणतात ना? मग वाळलेल्याला काय म्हणतात?

सरकीपेंड
ते त्यांना विचारा. आमच्यात उभी असली की कपाशी, उपटली की पळाटी, अन चुलीत घातली की जळतन. नवा धागा काढा याच्यावर, हितं गंगाथडीचं प्रूफ अडलंय.