मदत हवी आहे : सागाच्या सालीवर बांधलेल्या ऑर्किडच्या मुळांची टोके काळी पडत आहेत

पूर्णाकाठ :
नमस्कार. सागाच्या सालीवर बांधलेल्या माझ्या ऑर्किडची मुळे वाढायची थांबली आहेत. हिरवी टोके काळी पडून वाळतात, मुळांवर पांढरा थर धरतो आणि आता पानांची टोकेही करपू लागली आहेत. पाणी रोज सकाळ-संध्याकाळ देते, सावली पुरेशी आहे, दर आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेले विद्राव्य खत) फवारते आणि बुरशीनाशकही देऊन झाले आहे. मुळे पुन्हा चालू होण्यासाठी कोणते खत किंवा संजीवक द्यावे, एवढेच नेमके सांगावे. मे महिना अजून बराच शिल्लक आहे आणि तोवर झाडे हातची जातील अशी भीती वाटते, म्हणून लवकर उत्तर मिळाल्यास उपकार होतील.

रानवाट_वर्धा :
ताई, खत सुचवण्यापूर्वी काही गोष्टी कळायला हव्यात. ऑर्किड कोणत्या जातीची आहेत? ती टांगली कुठे आहेत? एक लिटरला खत किती ग्रॅम घेता? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी कोणते देता?

मोहपान :
मी गडचिरोलीकडचा आहे. आमच्याकडे मोहाच्या आणि आंब्याच्या झाडांवर रास्ना म्हणजे आपली जंगली व्हँडा सहज वाढते. मे महिन्यात तिला कोणी पाणी घालत नाही आणि तरीही ती फुलते. दमट देशांतील संकरित झाडे आणून ती विदर्भाच्या उन्हात जगवण्याचा अट्टाहास करण्यापेक्षा इथल्या जाती लावाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्णाकाठ :
मोहपान दादा, झाडे घेऊन झाली आहेत, त्यामुळे आता ती वाचवायची कशी हे मला हवे आहे. रानवाट ताई, बहुतेक डेंड्रोबियम आहेत, दोन व्हँडा आणि एक कॅटलिया आहे. एकूण बारा झाडे. सर्व हिरव्या नेटखाली, ओसरीत टांगलेली आहेत. खत लिटरला दोन ग्रॅम घेते. पुड्यावर तर कपाशीसाठी पाच ग्रॅम लिहिलेले आहे. पाणी घरचेच आहे.

रानवाट_वर्धा :
घरचे पाणी म्हणजे नळाचे, विहिरीचे की बोअरचे? आपल्या नावावरून गाव पूर्णा नदीच्या खोऱ्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या खारपाण पट्ट्यात असावे असे वाटते. तसे असेल तर हा प्रश्न खताचा नसून पाण्याचा असण्याची शक्यता फार मोठी आहे.

पूर्णाकाठ :
होय, दर्यापूर तालुक्यातील गाव आहे. पाणी बोअरचे आहे. धरणाच्या योजनेचा नळ चौथ्या-पाचव्या दिवशी येतो आणि ते पाणी पिण्यासाठी भरून ठेवतो. दुपारी छतावरच्या टाकीचे पाणी चटका बसेल इतके तापते, म्हणून उन्हाळ्यात झाडांना कूलरच्या टाकीतील पाणी देते. ते थंड असते. पण याच पाण्यावर अंगणातील चिक्कू, लिंबू आणि बोगनवेल उत्तम आहेत, तेव्हा पाण्याचा दोष कसा असेल?

ओलीत_अकोट :
खारे पाणी हा आमच्या पट्ट्यातला जुनाच प्रश्न आहे. मी बोअरच्या पाइपवर चुंबकीय यंत्र बसवले आहे. तेव्हापासून ठिबकच्या नळ्या कमी चोंदतात आणि हरभरा चांगला येतो. आपणही बसवून पाहावे. तेवढे शक्य नसेल तर पाण्यात थोडे जिप्सम टाकावे. खारपाण पट्ट्यातील जमिनीला जिप्समशिवाय पर्याय नाही, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे.

रानवाट_वर्धा :
ओलीत भाऊ, आपला शेतीचा अनुभव मी नाकारत नाही, परंतु या दोन्ही उपायांचा इथे उपयोग नाही. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमची जागा घेते आणि मोकळे झालेले सोडियम पावसाच्या पाण्याबरोबर खाली निचरून जाते. म्हणून ते जमिनीत काम करते. सालीवरच्या ऑर्किडला मातीच नाही, त्यामुळे तिथे जिप्सम म्हणजे आधीच्या क्षारांत आणखी एका क्षाराची भर. चुंबकातून गेलेल्या पाण्यातूनही क्षार बाहेर पडत नाहीत. यंत्राच्या आधीचे आणि नंतरचे पाणी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारे उपकरण) मोजल्यास आकडा तोच येईल.

पूर्णाकाठ ताई, चिक्कू आणि बोगनवेल खारेपणा बऱ्यापैकी सोसणारी झाडे आहेत, आणि मुख्य म्हणजे ती जमिनीत आहेत. पाऊस पडला की त्यांच्या मुळांजवळचे क्षार खाली धुऊन जातात. सालीवर बांधलेल्या ऑर्किडचे मूळ उघडे असते. त्याच्यावरचे पांढरट, स्पंजासारखे आवरण पाणी क्षणात शोषते आणि आपल्या कोरड्या हवेत ते तासाभरात वाळतेसुद्धा. पाणी उडून जाते, क्षार मात्र मुळावरच राहतात. दुसऱ्या पाण्याने त्यांवर आणखी थर चढतो आणि हे दिवसातून दोनदा होते. म्हणजे आपण जितक्या निगुतीने पाणी देता, तितके क्षार साचत जातात. मुळाचे कोवळे टोक त्या खारेपणात पाणी ओढू शकत नाही आणि करपते.

कूलरची टाकी तर बोअरपेक्षाही वाईट. लिटरला एक ग्रॅम क्षार असलेले दहा लिटर पाणी कूलरच्या जाळीवरून उडून गेले, तर दहा ग्रॅम क्षार टाकीत आणि जाळीवर उरतात. आपण वरून पुन्हा बोअरचेच पाणी भरतो, त्यामुळे टाकीतील खारेपणा रोज वाढत जातो. जाळीवर धरणारे पांढरे पोपडे त्याचेच असतात.

कुठूनही टीडीएस मीटर मिळवून बोअर, कूलर, नळ आणि आरओची कॅन ही चारही पाणी मोजावीत. पाण्याची कॅन देणाऱ्या आरओ केंद्रावर ते हमखास असते.

तुळसवृंदावन :
मीटरपेक्षा सोपा उपाय सांगते. पाणी उकळून गार करावे, किंवा तुरटी फिरवून ठेवावे. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या असेच पाणी शुद्ध केले जाते. शिवाय यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळते, त्यामुळे आपण पिण्याच्या पाण्याचीही तपासणी करून घ्यावी.

रानवाट_वर्धा :
तपासणीचा सल्ला योग्यच आहे. परंतु तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार जात नाहीत. उकळल्याने कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा काही अंशी भांड्याच्या तळाशी चुन्याच्या रूपाने बसतो, पण सोडियम आणि क्लोराइड तसेच राहतात. खारपाण पट्ट्यात त्रास मुख्यतः त्यांचाच आहे.

पूर्णाकाठ :
गावातल्या केंद्रावरून मीटर आणून मोजले. लिटरला मिलिग्रॅममध्ये आकडे असे : बोअर १८६०, कूलरची टाकी ३४१०, नळ २३०, आरओची कॅन ६०. यांतील कोणते चालेल आणि कोणते नाही, ते सांगावे.

रानवाट_वर्धा :
भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यासाठी ५०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. मात्र माणसाला चालते ते उघड्या मुळांना चालेलच असे नाही. सालीवरच्या ऑर्किडसाठी मी २०० च्या आसपास थांबते. तेव्हा बोअर आणि कूलर दोन्ही आजच बंद करावेत. नळाचे पाणी लगेच वापरता येईल. ते उघड्या भांड्यात रात्रभर ठेवावे म्हणजे क्लोरीन बरेचसे उडून जाईल. थंडाव्यासाठी कूलरची गरज नाही. मातीच्या रांजणात भरलेले नळाचे पाणी ओसरीत पुरेसे गार राहते. फक्त रांजण पाझरतो आणि पाणी उडते, म्हणून तळाचे उरलेले पाणी टाकून देऊन तो वरचेवर धुवावा.

परसबाग_चांदूर :
मी आरओचेच पाणी द्यावे या मताचा आहे. माझी सर्व झाडे त्यावरच आहेत. मात्र आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी काही जण वाया जाऊ नये म्हणून झाडांना घालतात. त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते ऑर्किडजवळ नेऊ नये.

मोहपान :
आरओचे पाणी निःसत्त्व असते. जंगलात झाडाला आरओ कोण देतो?

परसबाग_चांदूर :
जंगलातील रास्नेला जे मिळते ते पावसाचे पाणी असते आणि त्यात क्षार आरओच्या पाण्यापेक्षाही कमी असतात. तिची मुळे खोडाच्या भेगांत दूरवर पसरलेली असतात, म्हणून ती उन्हाळा काढते. हातभर सालीवर नुकत्याच बांधलेल्या डेंड्रोबियमकडून तीच अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. आणि कोणी हे वाचून रास्ना जंगलातून उचलून आणू नये, अशी कळकळीची विनंती आहे. ऑर्किडचे संपूर्ण कुळ आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या यादीत आहे, आणि मेळघाटसारख्या संरक्षित वनातून झाड उचलणे हा गुन्हा आहे.

मोहपान :
जंगलातून आणा असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. पाऊस हेच तिचे खरे पाणी, हे मात्र मला पूर्ण मान्य आहे.

रानवाट_वर्धा :
निःसत्त्वपणाच्या मुद्द्यात एवढे तथ्य आहे की आरओ किंवा पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळजवळ नसते आणि १९:१९:१९ मध्येही ते नसते. म्हणून एका आठवड्यात १९:१९:१९ आणि पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, असे आलटून पालटून द्यावे. प्रमाण लिटरला ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. एवढे वजन घरी करता येत नाही, तेव्हा ३ ग्रॅम एका लिटरमध्ये विरघळवून त्यातील १०० मिलिलिटर एका लिटर पाण्यात मिसळावे. दोन्ही खतांचे घट्ट द्रावण एकत्र करू नये, कारण कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून साका तयार होतो. ठिबकमधून खत देणाऱ्यांना हे माहीत असते. सध्या मात्र तीन-चार आठवडे खत पूर्ण बंद ठेवून फक्त कमी क्षारांच्या पाण्याने साल आणि मुळे धुवावीत. आधी हलके भिजवावे, पाच-दहा मिनिटे थांबून साचलेले क्षार विरघळू द्यावेत आणि मग पाणी वाहून जाईल असे ओतावे. मूळ राखाडीचे हिरवे झाले की ते पुरेसे भिजले असे समजावे. सर्व झाडे एकाच बादलीत बुडवू नयेत, एकाचा रोग साऱ्यांना लागतो.

पूर्णाकाठ :
नळाचे पाणी माणसांना पुरवून झाडांना द्यायचे तर ते उरत नाही. कॅन रोज विकत घेणेही जड जाते. दरवर्षी उन्हाळ्यात हेच होणार असेल तर कायमचा मार्ग कोणता?

परसबाग_चांदूर :
पावसाचे पाणी साठवावे. बारा झाडांना प्रत्येकी अर्धा लिटर धरल्यास दिवसाला सहा लिटर लागतात. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत साधारण ८०० लिटर होतात, म्हणजे २०० लिटरचे चार ड्रम. एक चौरस मीटर टिनावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद टिनाचे शेड असेल तर १०० मिलिमीटर पावसात ९०० लिटरच्या वर पाणी येते, आणि एवढा पाऊस आपल्याकडे जुलैत सहसा होऊन जातो. पहिल्या एक-दोन पावसांत टिनावरची धूळ आणि पाखरांची घाण येते, ते पाणी जाऊ द्यावे. ड्रम निळे, अपारदर्शक आणि सावलीत असावेत, नाहीतर शेवाळ धरते. तोंडाला झाकणाखाली दाट विणीचे कापड घट्ट बांधावे. डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो.

पूर्णाकाठ :
गोठ्यावर टिन आहे, त्यामुळे हे जमण्यासारखे आहे. तोवर कॅन आणि नळ मिळून भागवते. काळी पडलेली टोके पुन्हा वाढतील का, आणि सालीवरचा पांढरा थर निघेल का?

रानवाट_वर्धा :
करपलेले टोक पुन्हा वाढत नाही. मूळ मागे टणक असेल तर त्याला बाजूने फाटा फुटू शकतो आणि बुडातून नवी मुळे येतात, म्हणून टणक मुळे कापू नयेत. सालीवर जाड थर असेल किंवा झाडाखाली नारळाच्या सोडणाचा काथ्या बांधलेला असेल, तर धुण्यात वेळ घालवू नये. काथ्या क्षार धरून ठेवतो. बुडाशी नवी हिरवी टोके दिसू लागली की लगेच नव्या सालीवर बांधावे. आपल्याकडे हे बहुधा मृगाच्या आसपास घडते. साल आधी दोन दिवस कॅनच्या पाण्यात भिजवून, ते पाणी मीटरने मोजून मगच वापरावी.