वॉल्डॉर्फ पद्धत घरी वापरायची आहे, पण स्टायनरचं अध्यात्म नको

शाहूपुरीतली आई
जय ख्रिस्त. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सात. जूनपासून दोघांना घरीच शिकवायचं ठरलंय. रुडॉल्फ स्टायनरने सुरू केलेल्या वॉल्डॉर्फ शिक्षणपद्धतीतलं रोजचं गाणं, चित्रं, हातकाम, एकच विषय तीन-चार आठवडे धरून ठेवणं, हे सगळं मनापासून आवडलं. पण मूळ लिखाण उघडलं तर पुनर्जन्म, कर्म, सूक्ष्म शरीरं! पाळकसाहेबांनीही विचारलं, हे नेमकं काय आहे? बायबलवरच्या विश्वासाला धक्का न लावता ही पद्धत घेता येते का? काय ठेवायचं, काय काढायचं, कुठे फसतं ते नेमकं सांगा. सामानाचंही सांगा.

पन्हाळा रोड
घेता येते ताई, पण चाळून घ्यायची.

पहिली वॉल्डॉर्फ शाळा १९१९ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला निघाली. रुडॉल्फ स्टायनरने तिची रचना स्वतःच्या अँथ्रोपॉसॉफी या आध्यात्मिक विचारावर बेतली. त्याच्या लिखाणात ख्रिस्ताचं नाव सारखं येतं, त्यामुळे आपली माणसं निर्धास्त होतात. तिथेच जपा. त्याच्या मते येशू नावाची दोन बालकं होती, एक मत्तयच्या वंशावळीतलं आणि एक लूकच्या. आणि ख्रिस्त हा सूर्याशी जोडलेला आत्मा बाप्तिस्म्याच्या वेळी येशूत उतरला. आपल्या विश्वासात याला जागा नाही. पाळकसाहेबांना हे मोकळेपणी सांगा.

चाळायची रीत अशी: प्रत्येक गोष्टीला ‘हे का करायचं?’ विचारा. उत्तर स्टायनरशिवाय उभं राहत असेल तर ठेवा. उदाहरणार्थ, आज गोष्ट सांगायची आणि मुलाने ती उद्या परत सांगायची. स्टायनरचं कारण असं की झोपेत आत्मा दुसऱ्या लोकात जातो. ते सोडून द्या. पण रात्र मध्ये गेल्यावर स्वतःच्या शब्दांत आठवून सांगितलेलं पक्कं बसतं, एवढं कारण आपल्याला पुरेसं आहे. याउलट अंकांचे गूढ ‘गुण’, मुलांवर चार स्वभावांचे शिक्के मारणं आणि युरिथमी (शब्द-स्वर अंगाच्या हालचालींतून दाखवण्याची त्याची कला) सरळ काढा. सकाळच्या त्याच्या श्लोकाऐवजी स्तोत्र घ्या. २३ व्या स्तोत्रात सहा वचनं आहेत. एका वचनाला तीन दिवस दिले की अठरा दिवस होतात, दोन दिवस उजळणीला. आठवड्याला पाच दिवस धरले तर एकाच विषयाचा चार आठवड्यांचा एक गट बरोबर भरतो.

गोष्टींचा क्रम मुळात असा आहे: पहिलीत परीकथा, दुसरीत प्राणिकथा आणि संत, तिसरीत जुना करार, चौथीत उत्तर युरोपातले देव. तुमचा मुलगा नऊचा, म्हणजे नेमका जुन्या कराराच्या वर्षात. त्याच वर्षी मापन, शेती आणि घरबांधणी असते, आणि हे तिन्ही पवित्र शास्त्रात ठासून भरलंय. नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० रुंद, ३० उंच. आधी मुलाचा हात कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत मोजा, मग वडिलांचा. मुलाच्या हाताने तारू आखूड होतं! ठरावीक माप का लागतं हे वेगळं समजवावं लागत नाही. हात ४५ सेंटीमीटरचा धरला तर १३५ मीटर, २२.५ मीटर, १३.५ मीटर. मीटरला एक सेंटीमीटर धरून फरशीवर खडूने आखायला लावा. शेतीसाठी बायबलमधलं रूथचं पुस्तक वाचा आणि सुगीत करवीर तालुक्यातल्या एखाद्या रानात मळणी दाखवा.

चौथीत उत्तरेकडचे देव सोडून शिवचरित्र घ्या. पन्हाळा हाकेच्या अंतरावर आहे आणि १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा तिथे उभं राहूनच सांगावा. राज्य मंडळाच्या चौथीच्या इतिहासाशीही ते जुळतं.

सगळ्यात जास्त फसतं ते वेगळ्याच ठिकाणी. मुलीला सकाळी परीची गोष्ट आणि दुपारी दावीदाची गोष्ट एकाच सुरात सांगितली तर तिला दोन्ही सारख्याच वाटणार. म्हणून परीकथा तोंडी सांगा. बायबलची गोष्ट मात्र उघड्या बायबलमधून वाचा, आणि बेथलेहेम, यरुशलेम नकाशावर बोट ठेवून दाखवा.

पांढरी पाच
सामानाचं मी सांगतो.

ओल्या कागदावरच्या रंगकामाला जाड कागद लागतो, निदान २०० जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप). दहा मिनिटं पाण्यात भिजवायचा, पाटावर पसरून स्पंजने वरचं पाणी टिपायचं. वाटाण्याएवढा ट्यूबमधला रंग पाव कप पाण्यात. कागदावर पाणी चमकत असेल तर रंग वाहून जातो, कडा सुकल्या तर डाग पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कोल्हापूरच्या हवेत कागद वाळत नाही, बुरशी धरते. ते दोन महिने शाडूची माती घ्या, रंग दिवाळीनंतर. आकार घडवायला ते वापरतात त्या परदेशी मेणाची गरज नाही.

संगीतात ते पाचच स्वर वापरतात: डी, ई, जी, ए, बी. पेटीवर पांढरी पाच (म्हणजे जी) हा सा धरून भूप राग वाजवला की नेमके हेच स्वर येतात. त्यात अर्धस्वराचं अंतर नसल्यामुळे लहान मुलाने कसंही वाजवलं तरी कानाला टोचत नाही. भूपात बसणारं एखादं भजन तिथूनच सुरू करा.

नाताळआधीचे आगमनकाळाचे चार आठवडेही ठेवण्यासारखे आहेत: पहिल्या आठवड्यात दगड मांडायचे, मग झाडं, मग प्राणी, मग माणूस. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातला क्रमही साधारण हाच आहे.

शाहूपुरीतली आई
दोघांचेही आभार. दोन शंका. सात वर्षांपर्यंत वाचन नको म्हणतात, ते पाळायचं का? मुलगी संडे स्कूलमध्ये वचनं वाचायला आतुर आहे. आणि वॉल्डॉर्फच्या पाचवीत प्राचीन भारताच्या देवकथा येतात, त्यांचं काय?

पन्हाळा रोड
सातव्या वर्षाच्या सुमारास दुधाचे दात पडेपर्यंत थांबायचं यामागे सूक्ष्म शरीराचीच कल्पना आहे. मुलगी आतुर आहे ना, मग आजच सुरू करा. त्यांची चित्रातून अक्षर काढायची युक्ती रोमन लिपीसाठी आहे, आपल्याला ग-म-भ-न बरं. आकार सारखे, हात लवकर वळतो. गणितही महिनाभर बाजूला ठेवू नका, पाढे विसरतात. गट कुठलाही असो, रोज पंधरा मिनिटं पाढे आणि तोंडी हिशेब हवेतच.

प्राचीन भारत टाळू नका. मुलं याच गावात वाढणार आहेत. ‘आपले शेजारी असं मानतात’ असं आदराने आणि खरं सांगा, फक्त त्या देवतांची चित्रं-गाणी रोजच्या प्रार्थनेच्या वेळेत आणू नका. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं थेट मूर्तीपर्यंत पोहोचतात ते दिवस, हा तर खगोलाचा उत्तम धडा आहे. नोव्हेंबरच्या ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखंच अंतर. मावळता सूर्य त्या दिवसांत त्याच जागी परत का येतो, हे मुलाला गच्चीवरून खुणा करून शोधू द्या.

पुढच्या परीक्षांसाठी एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचे मुक्त मूलभूत स्तर आहेत: अ म्हणजे तिसरी, ब पाचवी, क आठवी. त्यांच्या दहावीला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. जन्मदाखला आणि आधारवरचं नाव-तारीख एकच आहे का, ते आत्ताच तपासून ठेवा.