सिटी व्हीटेक: बॅटरी डिकीत, बाटल्या आडोशाला. काय हलवावं, काय नाही?

घाटवळण (प्रश्न)

मंडळी, २००१ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. इंजिन बाहेर काढलंय, बॉनेटखालचा पत्रा घासून रंगवायचाय. जास्तीची भोकं भरून घेणार, इंजिन परत बसलं की आजूबाजूला शक्य तेवढं मोकळं दिसायला हवं. गाडी रोज पुण्यात चालते, अधूनमधून ऑटोक्रॉस आणि धावपट्टीवरची ड्रॅग. एसी ठेवायचाय, पॉवर स्टिअरिंगही.

यादी अशी आहे: बॅटरी डिकीत, कूलंटची बाटली बंपरच्या मागे, पॉवर स्टिअरिंगची बाटली खाली कुठेतरी, चारकोल कॅनिस्टर (पेट्रोलची वाफ शोषणारा डबा) काढून टाकायचा, फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली, वायरिंग फेंडरच्या आत. आमचा इलेक्ट्रिशियन १६ स्क्वेअर एमएमची केबल पुरेल म्हणतो आणि फ्यूज "पुढे बॉक्समध्ये आहेच की" म्हणतो. पटत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

वायरमन

न पटणं बरोबर आहे. दोन्ही मुद्द्यांवर.

आधी केबल. सेल्फ मारताना या इंजिनाला साधारण १५० अँपिअर धरा, गार सकाळी त्याहून जास्त. डिकीतून फायरवॉलपर्यंत (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वळणंवळसे धरून ५ मीटर होतात. तांब्याच्या १६ स्क्वेअर केबलमध्ये तेवढ्या लांबीवर ०.८ व्होल्ट जातात, २५ मध्ये ०.५, ३५ मध्ये ०.३७. ही फक्त पॉझिटिव्हची बाजू झाली. अर्थिंगचे, जोडांचे वेगळे. ३५ घ्या. ५ मीटरमध्ये दीड किलोच्या वर नुसतं तांबं येतं, तेव्हा "वजन मागे नेलं" या हिशोबातून तेवढं वजा करा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत पुढचं वजन मागे नेल्याने सुटताना पकड वाढत नाही, उलट थोडी कमी होते. हे काम जागेसाठी आणि दिसण्यासाठी करताय, एवढं मान्य करून करा.

केबल विकत घेताना टोक कापून बघा. आत तारा रुपेरी दिसल्या तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम आहे. त्याची वाहकता तांब्याच्या जेमतेम ६० टक्के, म्हणजे ३५ चे पैसे देऊन २५ पेक्षाही कमी पदरात पडतं. कार ऑडिओच्या दुकानातल्या जाड, गुबगुबीत केबल बऱ्याचदा अशाच असतात. टिनचा मुलामा दिलेलं तांबंही वरून रुपेरीच दिसतं, म्हणून एक तार चाकूने खरवडा: आत लाल निघालं तर तांबं.

आता फ्यूज. पुढच्या बॉक्समधला मेन फ्यूज बॉक्सच्या *पुढच्या* वायरिंगला वाचवतो. डिकीपासून बॉक्सपर्यंतची ५ मीटर केबल तुमच्या सीटखालून, दाराच्या उंबऱ्यावरून जाणार, आणि तिला वाचवायला मधे काहीच नाही. पत्र्याच्या कडेवर इन्शुलेशन घासलं गेलं की शेकडो अँपिअर थेट बॉडीत, गालिच्याखाली. फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून ३० सेंटिमीटरच्या आतच हवा. मेगा फ्यूज, २०० अँपिअर, बोल्टने बसणारा. तो सावकाश उडणाऱ्या जातीचा असतो, सेल्फचा सुरुवातीचा झटका सोसतो, पण सरळ शॉर्टला लगेच जातो. काचेचा किंवा पात्याचा फ्यूज इथे चालत नाही.

एकच केबल पुढे आणा. फायरवॉलजवळ इन्शुलेटेड स्टड बसवा आणि तिथून दोन फांद्या करा, एक सेल्फला, एक फ्यूज बॉक्सला. अल्टरनेटरची मूळ वायर बॉक्सलाच राहू द्या, चार्जिंग त्याच केबलने मागे जाईल.

लग (केबलच्या टोकाला बसणारा धातूचा कान) हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी दाबून घ्या. हातोड्याने चेपून वर शिसं ओतलेला लग पहिले सहा महिने ठीक चालतो. पण शिसं तारांमध्ये वर चढतं, तो भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका तिथेच तुटतो. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. केबल पत्र्यातून जिथे जाते तिथे ग्रोमेट, दर २५-३० सेंटिमीटरवर क्लिप, आणि पेट्रोलच्या पाइपाला बांधायची नाही.

तेलकट_हात

वायरमनशी सहमत. पण या कामात सगळ्यात जास्त फसतात ते अर्थिंगला, म्हणून ते वेगळं लिहितो.

मूळ मांडणीत बॅटरीच्या निगेटिव्हची जाड वायर बॅटरीलगत बॉडीला आणि गिअरबॉक्सला जाते. बॅटरी मागे गेली की डिकीत पत्र्याला अर्थ दिला जातो आणि काम झालं असं वाटतं. इंजिन मात्र रबरी माउंटवर बसलंय. त्याला बॉडीशी जोडणारी तेवढीच जाड पट्टी नसेल तर सेल्फचा करंट परतीची वाट शोधतो: अॅक्सिलरेटरची केबल, गिअरची केबल, सेन्सरच्या बारीक अर्थ वायरी. केबलचं आवरण आतून वितळून ती अडकते आणि दोष कार्ब्युरेटरच्या जमान्यासारखा "केबलला तेल घाला" इथे जातो. तेव्हा ३५ स्क्वेअरचीच पट्टी गिअरबॉक्सवरून चॅसिस रेलला, आणि दुसरी सिलिंडर हेडवरून. डिकीतली निगेटिव्ह अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. तिथे ८ एमएमचा बोल्ट, पत्रा चकचकीत होईपर्यंत घासलेला, दातेरी वॉशर, घट्ट केल्यावर वरून ग्रीस.

तुम्ही पत्रा रंगवताय म्हणून आणखी एक. रंगवताना अर्थिंगची सगळी ठिकाणं झाकून घ्या, नाहीतर सुंदर रंगावर लग बसतील आणि गाडी आयडलला हेलकावे खाईल. हेडलाइट लावल्यावर टेंपरेचरचा काटा वर सरकतो, तेही याचंच लक्षण. डी-सिरीज होंडात (तुमचं इंजिन याच मालिकेतलं) ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, अर्थिंग थर्मोस्टॅट हाउसिंगवर असतं. ते ठिकाण साफ करून मूळ जागीच जोडा, हलवू नका.

आता बाटल्या. कूलंटची बाटली खुशाल हलवा. होंडाची ही बाटली दाबाखाली नसते. गरम झालेलं पाणी रेडिएटरच्या झाकणातून तिकडे जातं, गार झाल्यावर परत ओढलं जातं. अट एकच: नळीचं टोक बाटलीत कायम कूलंटखाली बुडलेलं हवं, आणि मधला एकही जोड हवा ओढणारा नको. नाहीतर पाणी जातं पण परत येताना हवा येते, आणि रेडिएटर रोज थोडा थोडा रिकामा होतो. ५ लिटर कूलंट गरम होऊन पाव लिटरच्या आसपास फुगतं, तेव्हा अर्धा लिटर मोकळी जागा असलेली बाटली पुरते. वर हवेला छिद्र ठेवा. हेच पोलो किंवा ऑक्टाव्हियावाल्याने करू नये. त्यांची गोल टाकी दाबाखाली असते आणि तिला सगळ्यात उंच जागाच लागते. ती खाली नेली तर हवा हेडमध्ये अडकते.

पॉवर स्टिअरिंगची बाटली "खाली कुठेतरी" नको. पंपाला तेल वजनाने मिळतं. बाटलीतली पातळी पंपाच्या तोंडाच्या वर हवी, नळी आखूड आणि मूळ जाडीची. खाली नेली की पंप तेल ओढायला धडपडतो, फेस होतो, स्टिअरिंग फिरवलं की गाडी रडते, आणि काही महिन्यांत पंपाचे पाते घासतात. आणखी एक हमखास चूक म्हणजे कूलंटची उरलेली नळी इथे वापरणं. ते रबर ईपीडीएम असतं. पाण्याला उत्तम, तेलात फुगून लोण्यासारखं होतं. नायट्राइलची, तेलाची म्हणून विकली जाणारी नळी घ्या. आणि आत होंडाचंच पीएसएफ (पॉवर स्टिअरिंगचं तेल), लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) नाही.

कॅनिस्टर काढून नळीला बूच मारू नका. पेट्रोलच्या टाकीला श्वास तिथून मिळतो. बंद केलीत तर टाकीत पोकळी तयार होते, झाकण उघडताना फुस्स आवाज येतो, पुढे पंप उपाशी राहतो. उघडी सोडलीत तर बॉनेटखाली पेट्रोलची वाफ. त्यापेक्षा कॅनिस्टर बंपरच्या मागे, चिखलाच्या वर बसवा. नळ्या पेट्रोलच्याच घ्या आणि मधे झोळ पडू देऊ नका, झोळात पेट्रोल साचतं आणि वाफेची वाट बंद होते.

चेकर्ड

डिकीत कुठली बॅटरी ठेवणार? साधी पाणी घालायची बॅटरी बंद डिकीत नको. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते. शिवाय आम्लाची वाफ पत्रा खाते. एजीएम (आम्ल काचेच्या चटईत शोषलेली सीलबंद बॅटरी) घ्या, साधारण ३५ एएच. तिला बाजूला वाफेचं तोंड असेल तर नळी लावून डिकीच्या तळातून बाहेर काढा. यूपीएसच्या स्वस्त सीलबंद बॅटऱ्या या कामाच्या नाहीत. त्या हळूहळू करंट द्यायला बनवलेल्या असतात, सेल्फ मारताना दम तोडतात. आणि कोणाच्या डिकीत सीएनजीचं सिलिंडर असेल तर हा धागा इथेच वाचणं थांबवावं.

बांधणी: बेल्ट, बंजी, झिप टाय, यातलं काहीही नाही. एफआयएच्या (मोटरस्पर्धांची जागतिक संस्था) अपेंडिक्स जे या नियमावलीतला नियम रस्त्यावरच्या गाडीलाही चांगला आहे: धातूची बैठक, इन्शुलेशन लावलेले दोन धातूचे क्लँप, किमान १० एमएमचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या उलट बाजूने किमान ३ एमएम जाड आणि २० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची पट्टी. पट्टी नसेल तर धडक बसताना बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो. भोक पाडण्याआधी खाली वाकून बघा, पेट्रोल भरायचा पाइप आणि सायलेन्सर कुठून जातात ते. पॉझिटिव्ह टर्मिनलवर टोपी हवीच. डिकीत जॅक आणि पाना सुटा असतो, हे विसरू नका.

स्पर्धेला जाताय तर कट-ऑफ स्विच (गाडीची सगळी वीज एकदम तोडणारा) लागेल. दोन टर्मिनलचा घेऊ नका. तो बंद केला तरी चालू अल्टरनेटर बॉक्सला वीज देत राहतो आणि इंजिन थांबत नाही. वर बॅटरीचा आधार अचानक गेल्याने व्होल्टेज उसळतं ते ईसीयूला महागात पडतं. सहा टर्मिनलचा घ्या: दोन जाड बॅटरीसाठी, एक जोडी इग्निशन तोडायला, एक जोडी अल्टरनेटरचा उरलेला करंट ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला सोडायला. बाहेरून दिसेल असा पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण आणि त्यात लाल वीज, पाया किमान १२ सेंटिमीटर.

घाटवळण

खूपच उपयोगी. म्हणजे ३५ स्क्वेअर, मेगा फ्यूज, एजीएम, सहा टर्मिनलचा स्विच. पॉवर स्टिअरिंगची बाटली जागेवर, फक्त ब्रॅकेट नवा. फ्यूज बॉक्स आणि फेंडरमधल्या वायरिंगचं काय? आणि झाल्यावर बरोबर झालंय हे कसं ओळखायचं? गाडी तर चालू होईलच.

वायरमन

फ्यूज बॉक्स हलवू नका. त्यात मेन फ्यूज, रेडिएटरच्या पंख्याचा रिले, हेडलाइट, सगळं येतं. डॅशखाली नेला की चाळीसेक वायरी अर्धा-पाऊण मीटरने वाढवायच्या, म्हणजे ऐंशी जोड, आणि पंख्याच्या वायरीत व्होल्टेज गळून पंखा मंद. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये मे महिन्यात ते कळेल. काही होंडांमध्ये विजेचा भार मोजणारा सेन्सर या बॉक्समध्येच असतो आणि त्यावरून ईसीयू चार्जिंग कमीजास्त करतो. बॉक्स आहे तिथेच ठेवून ३ एमएम अॅल्युमिनियमचं झाकण करून घ्या. निम्म्या लोकांना तो दिसणारही नाही.

फेंडरमधून लूम (वायरींचा जुडगा) न्यायचा असेल तर चाकावरचं प्लास्टिक लायनर शाबूत हवं. लूम बसवल्यावर सस्पेन्शन जॅकने वर दाबा, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा आणि टायर ते लूम निदान २५ एमएम अंतर आहे का बघा. उभ्या गाडीत मोजलेलं अंतर काही कामाचं नाही. वायर वाढवावी लागली तर त्याच जाडीची, क्रिंप करून, जोड एकाच ठिकाणी न घेता मागेपुढे. क्रँक आणि कॅम सेन्सरच्या वायरी मात्र कापू नका, आणि स्पार्क प्लगच्या केबलपासून लांब ठेवा. गुंडाळायला कापडी टेप. काळी पीव्हीसी टेप बॉनेटखालच्या उष्णतेत गोंद सोडते आणि वर्षभरात सुटते. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरच्या बाजूला आहे, म्हणून लूम फायरवॉलच्या बाजूनेच घ्या.

तपासणी मल्टिमीटरने. फ्युएल इंजेक्शनचा मेन रिले काढा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मग सेल्फ मारत, ५ सेकंदांपेक्षा जास्त नाही:

बॅटरीचा पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा जाड बोल्ट: ०.५ व्होल्टच्या आत.
बॅटरीचा निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक: ०.३ च्या आत.

दुसरा आकडा जास्त आला तर बॅटरीला किंवा सेल्फला दोष देऊ नका, अर्थिंगचा एखादा जोड रंगावर बसलाय. मीटरचं एक टोक निगेटिव्ह खांबावर ठेवून दुसरं टोक एकेका जोडावर पुढे नेत जा. आकडा जिथे उडी मारेल तिथे पाना लावा. मग रिले परत बसवून इंजिन चालू करा आणि हेडलाइट, एसी, मागच्या काचेचा हीटर लावून डिकीत बॅटरीवर मोजा. १३.८ च्या खाली नको.

तेलकट_हात

एक राहिलं. एसी ठेवताय तर कंप्रेसर आणि अल्टरनेटर यांना हात लावू नका. नवीन ब्रॅकेटवर पुली एक-दोन एमएम जरी तिरकी बसली तरी बेल्ट ओरडतो आणि कडेने झिजतो. डी-सिरीजमध्ये वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो, म्हणून बाहेरचा बेल्ट तुटला तरी इंजिन लगेच तापत नाही, फक्त चार्जिंगचा लाल दिवा लागतो. इंजिन बाहेर आहे तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि क्रँकचं पुढचं सील आत्ताच बदलून घ्या. चमकत्या रंगावर नंतर तेलाचे ओघळ काढत बसणं वाईट.

घाटवळण

फ्यूज बॉक्स जागेवर. केबल कापून, खरवडून बघितली: इलेक्ट्रिशियनने आणलेली आतून रुपेरीच निघाली. परत करतोय.