मदत हवी आहे: हिप्परगा तलावावरचा चिखल्या कंठेरी की केंटिश?

नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या हिप्परगा (एकरुख) तलावाचं पाणी मागे सरकलंय आणि काठच्या चिखलात चिखल्यांची (काठावर टिपत फिरणारे छोटे पक्षी) धावपळ सुरू आहे. छोटा कंठेरी चिखल्या ओळखीचा आहे: गळ्याखाली अख्खा काळा पट्टा, डोळ्याभोवती पिवळं कडं. पण त्यांच्यातच एकाचा पट्टा छातीवर मधोमध तुटलेला होता, दोन्ही बाजूंना नुसते तपकिरी डाग. पिवळं कडं दिसलं नाही. आकार तेवढाच, चालही तीच, तुरुतुरु पळायचं, थबकायचं, टोच मारायची.

याला केंटिश चिखल्या (चिखल्यांचीच दुसरी जात) म्हणावं का? कंठेरीच्या पहिल्या हिवाळ्यातल्या पिल्लाचाही पट्टा असाच तुटका असतो, म्हणून अडलंय. नोंद कायमची राहते, त्यामुळे खात्री झाल्याशिवाय टाकायची नाही. सोबत तीन फोटो जोडलेत.

प्रतिसाद १: पट्ट्यावर जाऊ नका, पाय बघा. कंठेरीचे पाय फिकट पिवळसर किंवा गुलाबीसर, केंटिशचे काळपट. फक्त चिखलाने माखलेले पाय फसवतात, तेव्हा गुडघ्याच्या वरचा भाग बघायचा. तुमच्या दुसऱ्या फोटोत तो स्वच्छ आहे आणि काळा दिसतोय. चोचही पूर्ण काळी आहे, कपाळ आणि भुवई ठळक पांढरी. पिल्लू असतं तर भुवई अशी उठून दिसली नसती.

प्रतिसाद २: ताईंशी सहमत. तरी उडताना पाहिलात का? माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण तीच. केंटिशच्या पंखावर लांब पांढरी पट्टी चमकते, कंठेरीचा पंख जवळजवळ सपाट तपकिरी. आवाजही वेगळा: कंठेरी 'पिऽऊ' करत स्वर खाली सोडतो, केंटिश तुटक 'पिट् पिट्' करतो.

धागाकर्ता: ताई, दादा, मनापासून आभार! फोटो मोठा करून पाहिला, पाय खरंच काळे आहेत. उडतानाचा फोटो मात्र नाही, त्यामुळे नोंद तूर्त थांबवतो. रविवारी सकाळी पुन्हा जातोय. सोलापुरातलं कोणी स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी बघायची दुर्बीण) घेऊन येणार असेल तर इथेच कळवा. आणि येताना काठाच्या खड्यांवरून गाडी घालू नका. कंठेरी उन्हाळ्यात तिथेच उघड्यावर अंडी घालतो आणि ती खड्यांत अजिबात ओळखू येत नाहीत.