मदत हवी आहे: मी गप्प बसले की माइक बोलायला लागतो

वाचनवेडी

नमस्कार मंडळी,

एका दृष्टिहीन विद्यार्थिनीसाठी मी तिची अभ्यासाची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. आतापर्यंत अकरा प्रकरणं झाली. परवा तिने फार संकोचत सांगितलं, की हेडफोन लावून अर्धा तास ऐकलं की डोकं दुखतं. माझ्या आवाजामागे सतत "सूंऽऽ" चालू असतं आणि मी परिच्छेद संपवून थांबले की ते आणखी वर चढतं. मी इतके दिवस लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकत होते, म्हणून मला कधी कळलंच नाही. हेडफोनवर ऐकलं आणि अकरा प्रकरणांची लाज वाटली.

सामान असं: विंडोज ११ चा लॅपटॉप, छोट्या स्टँडवरचा साडेतीन मिलिमीटर पिनेचा माइक, आणि ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. माइक टेबलावर लॅपटॉपच्या शेजारी, तोंडापासून दीडेक फुटावर.

करून पाहिलं ते: पंखा बंद, खिडक्या बंद, रात्री एक वाजता रेकॉर्डिंग. फरक शून्य. माइकला फोमची टोपी घातली. फरक शून्य. दुसरा माइक मागून आणला, तोही तसाच गातो. शेवटी ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन वापरलं. सूं गेलं, पण मी पाण्याच्या टाकीत बसून वाचतेय असं वाटायला लागलं, आणि शब्दांच्या शेपटाला काचेची किणकिण.

एक विचित्र गोष्ट. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात टेकला की आवाज थोडा उतरतो. भास असेल कदाचित.

काय चुकतंय?

एकघाव

पिनवाल्या माइकचा नाद सोडा. यूएसबी माइक घ्या, विषय संपला.

वाचनवेडी

घेईनही. पण दुसरा माइक आणूनही काही झालं नाही, तर तिसरा आणून काय होणार ते कळल्याशिवाय नाही.

कानसेन

हात टेकल्यावर आवाज उतरतो हा भास नाही. तुमच्या अख्ख्या पोस्टमधला तोच सगळ्यात कामाचा पुरावा आहे. त्याच्याकडे येतोच.

तुम्ही पंखा आणि खिडक्या बंद केल्यात, म्हणजे हवेतून येणारा आवाज शोधत होतात. रेकॉर्डिंगमध्ये आवाज दोन वाटांनी घुसतो, हवेतून आणि तारेतून. कुठली वाट ते आधी ठरवायचं, नाहीतर माणूस भिंतींना गाद्या लावत बसतो आणि चोर चार्जरमध्ये असतो. परीक्षा सोपी आहे. माइक जाड रजईत गुंडाळा, वर दोन उशा ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. आवाज मेला तर तो हवेतला. जसाच्या तसा राहिला तर तारेतला.

अशी अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चार रेकॉर्डिंग करा, सगळी गप्प बसून. पहिलं रोजच्यासारखं. दुसरं रजईतलं. तिसरं चार्जर काढून बॅटरीवर. चौथं चार्जर लावून, पण माइक बूस्ट (माइकचा आवाज वाढवणारी सेटिंग) शून्यावर आणून. बूस्ट साउंड सेटिंग्जमधल्या 'मोअर साउंड सेटिंग्ज'मध्ये लपलेला असतो: तिथे रेकॉर्डिंग, मग तुमचा माइक, प्रॉपर्टीज, लेव्हल्स. एका वेळी एकच बदल करा. दोन केलेत तर कुणामुळे फरक पडला ते मलाही सांगता येणार नाही.

प्रत्येक वेळी ऑडॅसिटीचा मीटर किती दाखवतो ते लिहा. शून्य हा वरचा कडेलोट, आकडे त्याच्या खाली उणे जातात. शांततेचा आकडा जितका खोल तितका चांगला. बोलपुस्तकं तयार करणाऱ्यांमध्ये एसीएक्स या ऑडिओबुकच्या संकेतस्थळाचा निकष बराच पाळला जातो: शांतता उणे ६० डेसिबलच्या खाली आणि आवाजाचं शिखर उणे ३ च्या वर नाही. तुम्हाला कुणी परीक्षा घेणार नाहीये, पण खूण म्हणून ठेवा.

खटपट्या

मध्येच घुसतोय, माफी. माझा डेस्कटॉप आहे. माझ्याकडे सूं नाही, बारीक शिट्टी आहे, आणि माउस हलवला किंवा पान खाली सरकवलं की कुरकुर होते. हे काय भूत?

वाचनवेडी

केलं सगळं, वहीत लिहून.

रोजचं: उणे ३८. रजईत: उणे ३८, तसूभर फरक नाही. बॅटरीवर: उणे ४६, आणि आवाजाची जातच बदलली! आधी "घूं" आणि "सूं" एकत्र होतं, त्यातलं घूं पार गेलं, नुसतं "श्श्श" उरलं. बूस्ट शून्य: उणे ६८, पण मग माझा आवाजही मुंगीएवढा.

बूस्ट अधिक ३० वर होता. मी हात लावल्याचं आठवत नाही. आणि माइकचा व्हॉल्यूम मी मागच्या आठवड्यात ७० वर ठेवला होता तो आज १०० वर सापडला. कोण फिरवतं हे?

तसंच_चालू_दे

घूं म्हणजे अर्थिंगचा घोळ. चार्जरच्या तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावा, अर्थ तुटला की गुणगुण गेली. मी तीन वर्षं असंच वापरतोय.

तारमास्तर

वरचा उपाय कृपा करून कुणी करू नका. दोन यंत्रांच्या अर्थमध्ये फेरा तयार झाला असेल तर अर्थ तोडल्यावर गुणगुण जातेही, म्हणून तर हा सल्ला इतका टिकून आहे. पण ती पिन आवाजासाठी नसते. आतली वायर कुठे धातूला चिकटली तर करंट तुमच्यातून न जाता जमिनीत जावा म्हणून असते. चांगल्या रेकॉर्डिंगसाठी एवढी किंमत मोजू नये.

आणि ताईंच्या बाबतीत तर उलटंच दिसतंय. अर्थ आधीच तुटलेला आहे. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये छोटे कपॅसिटर असतात, त्यांतून नगण्य करंट पलीकडे झिरपतो. अर्थ नीट असेल तर तो तिकडेच मुरतो. नसेल तर लॅपटॉपचा धातूचा सांगाडा थोडासा "तरंगतो", आणि माइकच्या तारेची ग्राउंड त्याच सांगाड्याला बांधलेली असते. हात टेकला की तुमचं शरीर त्या करंटला पर्यायी वाट देतं, म्हणून आवाज उतरतो. कडेवरून बोट अलगद फिरवलं तर मुंग्या आल्यासारखं होतं का?

विजेचा पुरवठा ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० कंपनं), काही देशांत ६० चा. घूं ऐकू येतं ते बहुतेक त्याच्या पटींत, १००, १५०, २०० असं. ऑडॅसिटीत शांततेचा तुकडा निवडून अ‍ॅनलाइझमधलं प्लॉट स्पेक्ट्रम (कुठल्या हर्ट्झवर किती आवाज आहे त्याचा आलेख) उघडा. त्या आकड्यांवर खांब उभे दिसले की गुन्हेगार वीज, यात शंका नाही.

चार्जर एक्स्टेन्शन बोर्डात आहे का? असेल तर थेट भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्ये लावून बघा.

वाचनवेडी

मुंग्या येतात! मला वाटायचं पत्राच खरखरीत आहे.

चार्जर जुन्या एक्स्टेन्शन बोर्डातच होता. थेट भिंतीत लावला आणि घूं गेलं. बॅटरीवर जे होतं तेच चार्जर लावून, उणे ४६. बोर्ड उघडून पाहिला तर (आधी भिंतीतून काढून, काळजी नको) तिसऱ्या भोकामागे तारच नाही. वायर दोनच. भोक नुसतं शोभेला.

कानसेन

तो बोर्ड आता कुणाला देऊही नका. आणि भिंतीतल्या सॉकेटचा अर्थ एकदा वायरमनकडून तपासून घ्या.

एक चोर गेला. आता व्हॉल्यूम कोण फिरवतं? तुम्ही याच लॅपटॉपवरून व्हिडिओ कॉल करता का? बऱ्याचशा कॉलच्या अ‍ॅपमध्ये "माइकचा आवाज आपोआप जुळवा" अशी खूण आधीच केलेली असते, आणि ती थेट विंडोजचा स्लायडर ओढते. ती काढा. साउंड सेटिंग्जमध्ये माइकखालचे ऑडिओ एन्हान्समेंट्सही (आवाज आपोआप "सुधारणाऱ्या" सोयी) बंद करा. "मी थांबले की सूं चढतं" हे अशाच आपोआप जुळवणीचं लक्षण आहे. तिला वाटतं तुम्ही हळू बोलायला लागलात, म्हणून ती बिचारी आवाज वाढवते, आणि वाढवायला तिच्याकडे फक्त सूं असतं. सलग गुणगुणीपेक्षा हे वर-खाली होणारं सूं कानाला जास्त छळतं. तुमच्या विद्यार्थिनीचं डोकं त्यानेच दुखत असणार, असा माझा कयास.

उरलेला श्श्श हा बूस्टचा. लॅपटॉपमधला माइकचा अँप्लिफायर साधा असतो. त्याला ३० डेसिबल वर ओढायला लावलं की तो स्वतःच्याच श्वासाचा आवाज मोठा करतो. बूस्ट कमी केला की आवाज आणि सूं दोन्ही सारखेच उतरतात, हे तुम्ही पाहिलंतच. म्हणजे नुसता बूस्ट कमी करून पदरात काही पडत नाही. माइकपाशी तुमचा आवाज खरोखर मोठा व्हायला हवा, आणि त्याला एकच उपाय, जवळ जा. अंतर निम्मं केलं की साधारण ६ डेसिबल मिळतात. दीड फुटावरून अर्ध्या फुटावर आलात तर साडेनऊच्या आसपास. मग बूस्ट ३० चा २० करा. आवाज तेवढाच राहील, सूं १० ने खाली.

खटपट्या

भूत तसंच आहे हो.

तारमास्तर

विसरलो नाही. माइक कॅबिनेटच्या पुढच्या सॉकेटमध्ये आहे ना? तिथून आतल्या बोर्डापर्यंत जाणारी तार ग्राफिक्स कार्डच्या अंगावरून जाते आणि तिला बहुधा धड कवचही नसतं. पान सरकवलं की कार्ड जास्त करंट खेचतं, ती कुरकुर तार उचलते. मागच्या गुलाबी सॉकेटमध्ये लावा. शिट्टीचं म्हणाल, तर कुठलं यूएसबी उपकरण शेजारी आहे? यूएसबीवर दर मिलिसेकंदाला एक फ्रेम जाते, म्हणजे सेकंदाला १०००. ते वीजपुरवठ्यातून गळलं की नेमकी १००० हर्ट्झची शिट्टी वाजते. वेगवान यूएसबीत ८००० ची. स्पेक्ट्रममध्ये तिथे सुई दिसतेय का बघा. म्हणून "यूएसबी माइक घ्या, विषय संपला" हेही दरवेळी खरं नाही.

एकघाव

माझ्या यूएसबी माइकला कधी शिट्टी आली नाही. पण ठीक.

वाचनवेडी

आपोआप जुळवणारी खूण सापडली, काढली. एन्हान्समेंट्स बंद. माइक पुस्तकांच्या थप्पीवर चढवून अर्ध्या फुटावर आणला, बूस्ट २०. शांतता उणे ५६! आणि आता ती स्थिर आहे, वर-खाली होत नाही.

पण नवीन संकट. "फळ", "भाग", "पृथ्वी" म्हटलं की माइकमध्ये धप्प असा धक्का बसतो. इतक्या जवळून फ आणि भ म्हणजे तोफा आहेत.

कानसेन

महाप्राण अक्षरांना नावातच प्राण आहे, तो थेट माइकवर आदळतो. माइक तोंडासमोर ठेवू नका. तोंडाच्या कोपऱ्याच्या रेषेत, थोडा बाजूला ठेवा आणि त्याच्याकडे न बघता सरळ समोर वाचा. आवाज सगळीकडे पसरतो, हवेचा झोत मात्र सरळ जातो. फोमची टोपी काढली असेल तर परत घाला, तिचं खरं काम हेच. शिवाय ऑडॅसिटीत ८० हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचा जाड आवाज अडवणारी गाळणी) लावा. उरलेला धप्प त्यात बराचसा गळतो आणि तुमच्या आवाजाला धक्का लागत नाही.

नॉइज रिडक्शन आता वापरायला हरकत नाही, पण चिमटीने. आधी निव्वळ शांततेचा तुकडा निवडून नॉइज प्रोफाइल (नुसत्या सूंचा नमुना) घ्या. मग डेसिबलचा आकडा ६ ठेवा. ती पाण्याची टाकी आणि किणकिण कुठून आली? हे तंत्र आवाजाच्या शेकडो पट्ट्या पाडतं आणि ज्या पट्टीत प्रोफाइलइतकाच आवाज आहे ती दाबतं. सूं तुमच्या आवाजाच्या इतकं जवळ होतं की शब्दांच्या शेपट्यांनाही त्याने सूं समजून कापलं, आणि मध्येच सुटलेल्या पट्ट्या किणकिणल्या. उणे ३८ च्या रेकॉर्डिंगला कुठलंही सॉफ्टवेअर वाचवू शकलं नसतं.

जुनी अकरा प्रकरणं मात्र परत वाचावी लागतील, असं मला वाटतं. वाईट वाटतंय सांगताना.

रात्रपाळी

एक राहिलं. मोबाइल त्याच टेबलावर असेल तर दूर ठेवा. २जी नेटवर्कवर असलेला फोन माइकच्या तारेजवळ "टिर्र टिर्र" वाजतो, सेकंदाला सुमारे २१७ ठोके. आमच्याकडे फोन वाजायच्या आधी रेडिओ वाजायचा, तो हाच प्रकार.

खटपट्या

मागचं सॉकेट: कुरकुर गेली. शिट्टी बाहेरच्या हार्ड डिस्कची निघाली, १००० वर सुईच सुई. रेकॉर्डिंगपुरती ती काढून ठेवतो. तारमास्तर, दंडवत.

वाचनवेडी

शेवटचा हिशेब देते. दहा-बारा मिनिटांनी लॅपटॉपचा स्वतःचा पंखा सुरू व्हायचा, हा मात्र खरोखर हवेतून येणारा आवाज (रजईत टाकल्यावर मेला, आता मी तज्ज्ञ झालेय). लॅपटॉप स्टुलावर, खाली, माइकच्या पाठीमागे ठेवला. भावाकडचं यूएसबीचं छोटं साउंड कार्ड मागून आणून मध्ये लावलं, शांतता उणे ६१ वर आली. शिट्टी आहे का तेही स्पेक्ट्रममध्ये पाहून घेतलं, नाही. कपड्यांच्या कपाटाचं दार उघडं टाकून त्याच्याकडे पाठ करून बसते, खोलीचा घुमारा कमी झालाय.

पहिलं प्रकरण परत वाचून पाठवलं. तिचं उत्तर आलं: सूं नाही, पण तिसऱ्या पानावर तुमची खुर्ची करकरते.

खुर्ची बदलली आहे. दुसरं प्रकरण आज रात्री.